प्लेटीआधी सेन्सर: जुन्या स्पोर्ट्स कारचा क्लच घरी बदलताना

क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा-सोडवणारा भाग, घरी बदलायचा म्हटलं की सगळं लक्ष त्यातल्या घासणाऱ्या प्लेटीकडे जातं. खरं तर प्लेट बदलणं हे त्यातलं सर्वांत सोपं काम आहे. वेळ जातो तो तिच्यापर्यंत पोचण्यात, आणि घात होतो तो वाटेत बसलेल्या अंगठ्याएवढ्या दोन सेन्सरपाशी. १९८२ ते १९९१ या काळात बनलेली पोर्शे ९४४ हे त्याचं नमुनेदार उदाहरण आहे. वजन दोन्ही टोकांना वाटलं जावं म्हणून या गाडीचं इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे ठेवलेला आहे. दोघांना जोडणारा दांडा एका जाड नळीतून जातो. क्लच मात्र पुढे, इंजिनाला चिकटून. म्हणजे त्याला हात लावायचा तर सायलेन्सरपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं खाली उतरवावं लागतं.

इतकं उघडण्याआधी दोष क्लचचाच आहे ना, हे बघून घ्यावं. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किमीच्या वेगाने जाताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे वाढले आणि गाडीचा वेग तेवढाच राहिला, तर क्लच घसरतोय. गिअर पडताना खरखर होते, पण पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर गिअर सहज पडतो, असं असेल तर दोष मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरचा (पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत नेणाऱ्या पंपांचा) किंवा आत शिरलेल्या हवेचा. हे काम त्यामानाने किरकोळ. आणखी एक प्रकार बडोद्याच्या लोकांना सांगायला नको. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजाने फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाला, चिकटते. पेडल व्यवस्थित दबतं, गिअर मात्र पडत नाही.

क्लच घसरतो का, याचं गणित छोटं आहे. पेलता येणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) म्हणजे घर्षणगुणांक (पृष्ठभाग किती पकड धरतो त्याचा आकडा), स्प्रिंगचा दाब आणि प्लेटीची सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार. प्लेटीच्या दोन बाजू घासतात म्हणून त्याची दुप्पट. ९४४चं सुरुवातीचं अडीच लिटरचं इंजिन २०५ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. घर्षणगुणांक ०.३ आणि त्रिज्या ९ सेंमी धरली, तर तेवढा टॉर्क जेमतेम पेलायला सुमारे ३,८०० न्यूटन दाब लागतो. प्रत्यक्षात दीडपट राखीव ठेवून ५,७०० न्यूटन धरा. म्हणजे क्षमता साधारण ३०८ न्यूटन-मीटर झाली. आता क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपलं आणि गुणांक निम्म्यावर आला, तर क्षमता १५४वर येते. चहा आणायला जाताना गाडी ठणठणीत वाटेल आणि हायवेवर ओव्हरटेक करताना दगा देईल, ते यामुळे. म्हणून गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर तो सील बदलायचाच. सील स्वस्त आहे. पुन्हा सगळं उतरवणं नाही.

या गाडीच्या मूळ प्लेटीत आणखी एक खोच आहे. चार मोठ्या सिलिंडरच्या इंजिनाचे हिसके गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून प्लेटीच्या मध्यभागी स्टीलच्या स्प्रिंगांऐवजी रबर भरलेलं होतं. गाडी चालवायला मऊ लागते, हे खरं. पण उष्णतेने आणि वयाने रबर कडक होऊन फुटतं. मग बाहेरचं अस्तर भरपूर शिल्लक असतानाही इंजिन फिरतं आणि चाकं हलत नाहीत. त्यामुळे अशा प्लेटीत अस्तराची जाडी बघून फार काही कळत नाही, तिचं वय बघावं. नवी घेताना स्प्रिंगची घ्यावी. थोडी खडखड वाढते, ती चालवून घ्यावी.

आता सेन्सर. इंजिनामागे, बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या धातूच्या कवचाच्या) वरच्या बाजूला ते शेजारी शेजारी असतात. एक फ्लायव्हीलच्या कडेचे १३२ दाते मोजतो आणि त्यावरून इंजिनाच्या कॉम्प्युटरला वेग कळतो. दुसरा तिथल्या एकाच पिनेकडे बघतो आणि क्रँक नेमका कुठे आहे ते सांगतो. दोन्हींत लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. दाता समोरून गेला की चुंबकीय प्रवाह बदलतो आणि तारेत व्होल्टेज निर्माण होतं. फेरे कमी तेवढं व्होल्टेज कमी. सेन्सर आणि दात्यांमधलं अंतर वाढलं की ते आणखी झपाट्याने पडतं. म्हणून अंतर चुकलं की पहिली तक्रार स्टार्टिंगची येते, कारण स्टार्टर इंजिनाला हळूच फिरवतो.

बेल हाउसिंग सोडवण्याआधी हे दोन्ही निघायलाच हवेत, आणि नेमके तेच निघत नाहीत. हाउसिंग अॅल्युमिनियमचं. ओलाव्याने त्याच्यावर पांढरी भुकटी धरते, आणि ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. भोक आतून आवळत जातं आणि सेन्सरचं प्लास्टिक त्यात जखडतं. पक्कड लावून पिळलं की डोकं हातात, बुंधा आत.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री सोडून ठेवा. दोन्ही वायरींचे कनेक्टर दिसायला सारखेच असतात, त्यांना रंगीत टेप आत्ताच लावा. ते उलटे जोडले तर गाडी सुरूच होत नाही. ५ मिमीच्या अॅलन पान्याने बोल्ट काढा. हीट गनने सेन्सर नव्हे, त्याच्याभोवतीचं हाउसिंग कोमट करा, म्हणजे भोक किंचित मोठं होईल. मग सेन्सर अगदी थोडा डावी-उजवीकडे हलवत सरळ वर ओढा. तुटलाच, तर सेन्सर धरणारा ब्रॅकेट वेगळा सोडवता येतो. बुंधा बाहेर बाकावर काढावा. पण ब्रॅकेट हलला की अंतर पुन्हा लावणं आलं. ते ०.८ मिमी हवं. जुन्या सेन्सरच्या टोकाला ०.८ मिमीचा वॉशर चिकटवा, तो दात्याच्या माथ्यावर टेकवा आणि त्या स्थितीत ब्रॅकेट आवळा. महागडं हत्यार लागत नाही.

सेन्सर निघाले की पुढचं काम मेहनतीचं आहे, अवघड नाही. गाडी चार भक्कम स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नाही. सायलेन्सर, स्टार्टर, मागच्या चाकांचे शाफ्ट, गिअरचा दांडा काढा. स्लेव्ह सिलिंडर होजसकट तारेने टांगून ठेवा आणि घरात सगळ्यांना बजावा की पेडल दाबायचं नाही. गिअरबॉक्स ट्रान्समिशन जॅकवर उतरवा; ती एकट्याने छातीवर घ्यायची वस्तू नव्हे. मधली नळी मागे सरकली की बेल हाउसिंग मोकळं होतं. आतली काळी धूळ हवेने उडवू नका. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकतं; ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक भेगा दिसल्या तर बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत ग्राइंडिंग करून मिळेल. देण्याआधी त्या पिनेचा फोटो काढा आणि परत आल्यावर ती जागेवर आहे की नाही ते बघा. कारागिराच्या लेखी तो एक बारका स्क्रू असतो. तुमच्या कॉम्प्युटरला त्याच्याशिवाय काही दिसत नाही. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे वापरा आणि ९० न्यूटन-मीटरला आवळा. प्लेटीला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे २५ला, समोरासमोरचे आळीपाळीने, अर्धा अर्धा आटा. नव्या प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसायचं राहून जातं आणि नवा क्लच पहिल्या दिवशीच घसरतो. प्लेट ज्यावर सरकते त्या दांड्याच्या खाचांवर (स्प्लाइनवर) ग्रीसचा हलका हात पुरे. जास्तीचं ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जातं. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं), ते ढकलणाऱ्या फोर्कच्या शाफ्टचे निडल बेअरिंग आणि फ्लायव्हीलच्या मध्यातलं पायलट बेअरिंग, तिन्ही नवी घाला.

बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात २०२३च्या जानेवारीत विंटेज मोटारी मांडल्या होत्या. तसल्या कार्ब्युरेटरवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटरशिवाय पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या गाड्यांना, हा सेन्सरचा व्याप नसतो. एमजी-बीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये क्लचसाठी इंजिनच बाहेर काढतात, तरी वायरींची भानगड नाही.

शेवटी सेन्सर बसवण्याआधी त्यांचा रोध मोजून घ्या. ६०० ते १,६०० ओहमच्या दरम्यान हवा. गार असताना बरोबर आणि हीट गनने तापवल्यावर मीटर अनंत दाखवत असेल, तर आतली तार तुटलेली आहे. असा सेन्सर भर उन्हात सिग्नलला गाडी बंद पाडतो आणि तासाभराने गुपचूप सुरू होऊ देतो. सगळं जोडून स्टार्टर मारताना नजर फेऱ्यांच्या काट्यावर ठेवा. काटा जरासा उडाला तर वेग मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल पोचतोय. तो मेल्यासारखा पडून असेल तर इंजेक्टर किंवा स्पार्क प्लगला हात लावण्याआधी टेपचे रंग पुन्हा तपासा.