मोत्सार्ट वाजवणाऱ्या खेळण्याने बाळ हुशार होतं?

बटण दाबलं की मोत्सार्ट या जुन्या युरोपीय संगीतकाराचं संगीत वाजवणारी खेळणी बाळाची बुद्धी वाढवतात, हा समज कित्येक वर्षं फिरतोय. ज्या प्रयोगावरून तो पसरला, तो बाळांवर झालाच नव्हता! १९९३ साली कॅलिफोर्नियातल्या ३६ कॉलेजविद्यार्थ्यांना १० मिनिटं मोत्सार्टचा सोनाटा, म्हणजे वाद्यांवर वाजवायची एक रचना, ऐकवला. घडी घातलेला, कातरलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. तो परिणामही १०-१५ मिनिटांत ओसरला. बाळांबद्दल त्यात अवाक्षर नाही.

संगीत जरूर ऐकवा, आनंदासाठी. पण खोक्यावरच्या दाव्यापायी जादा पैसे मोजू नका. त्यापेक्षा बाळाच्या हातात डबा आणि झाकण द्या. ते झाकण उलटं लावतं, आपटतं, फिरवतं, चिडतं आणि पुन्हा लावून बघतं.