सरकत्या बेटावर सुट्टी

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या एखाद्या वाळूच्या बेटावर, अगदी खुल्या समुद्राच्या बाजूला फिरत असाल, तर पायाखाली कालवांची, म्हणजे ऑयस्टरची, जुनी, काळपट पडलेली शिंपली दिसतात. ती उचलून नीट पाहा. तिथली कालवे फुटणाऱ्या लाटांत वाढत नाहीत. त्यांना बेटाच्या पाठीमागचे संथ, निमखारे पाणी लागते. मग ही शिंपली समोरच्या किनाऱ्यावर आली कशी? शिंपली जागच्या जागीच आहेत, बेट त्यांच्यावरून सरकत गेले आहे. आज जिथे लाटा फुटतात तिथे काही शतकांपूर्वी, काही ठिकाणी हजारो वर्षांपूर्वी, बेटामागचे खाजण होते.

अशा बेटांना बॅरियर आयलंड, म्हणजे रोधक बेटे म्हणतात. मुख्य भूमीला समांतर पसरलेला वाळूचा लांबट पट्टा, त्याच्या पुढे समुद्र आणि मागे खाजण. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, उपग्रहचित्रांवरून केलेल्या मोजणीत जगभरात अशी २,१४९ बेटे भरली. टेक्सासमधले पाद्रे आयलंड त्यांतले सर्वांत लांब, सुमारे १८२ किलोमीटर. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यावरची फ्रिजियन बेटे याच कुळातली. सुट्टीसाठी लोक या बेटांवर गर्दी करतात आणि त्यात नवल नाही: एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला पक्ष्यांनी भरलेले उथळ पाणी. पण इथल्या सहलीचा बेत बेटाचा स्वभाव कळल्याशिवाय करू नये, असे मला मनापासून वाटते.

हा स्वभाव वाळूचा आहे. साधारण २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. बर्फ वितळला, पाणी चढत गेले आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी त्याचा वेग मंदावल्यावर आजच्या बहुतेक रोधक बेटांना आकार आला. तेव्हापासून ती स्थिर मात्र कधीच नव्हती. मोठ्या वादळात लाटा वाळूच्या टेकड्यांवरून पलीकडे जातात, पुढची वाळू उचलून मागच्या खाजणात टाकतात. पुढून झीज, मागून भर. एखादी सतरंजी स्वतःवरच गुंडाळत पुढे जावी तसे बेट जमिनीच्या दिशेने लोळते. समुद्र वर चढत असताना बुडण्यापासून वाचण्याची ही त्याची रीतच आहे. नुकसान होते ते आपण त्याच्यावर उभ्या केलेल्या गोष्टींचे.

उत्तर कॅरोलिनातल्या केप हॅटेरसचा दीपस्तंभ १८७० मध्ये बांधला तेव्हा समुद्र त्याच्यापासून सुमारे ४५० मीटर दूर होता. शंभर वर्षांत तो जेमतेम ३७ मीटरवर आला. शेवटी १९९९ मध्ये हा सुमारे ४,४०० टनांचा स्तंभ रुळांवरून ८८४ मीटर आत सरकवला. चारच वर्षांनी, सप्टेंबर २००३ मध्ये, इसाबेल चक्रीवादळाने तेच बेट मधून फोडले, रस्ता वाहून गेला आणि हॅटेरस गाव एकाकी पडले. वाळू भरून रस्ता पुन्हा जोडायला सुमारे दोन महिने लागले.

म्हणून पहिला प्रश्न राहायचे कुठे हा नसून जायचे कधी हा आहे. अटलांटिक आणि मेक्सिकोच्या आखातात चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर मानतात, आणि त्याचा कळस सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास असतो. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन बेटावर ८ सप्टेंबर १९०० रोजी आलेल्या वादळात किमान ६,००० माणसे गेली. त्याआधी, १० ऑगस्ट १८५६ रोजी, लुइझियानातले लास्ट आयलंड हे श्रीमंतांचे सुट्टीचे बेट एका वादळात उद्ध्वस्त झाले होते. तेव्हा पूर्वसूचना नव्हती, आज काही दिवस आधी मिळते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच जायचे असेल तर रद्द करता येईल असे आरक्षण घ्या, आणि बेटावरून बाहेर पडायचे मार्ग किती ते आधी पाहा. उत्तर कॅरोलिनातल्या ओक्राकोक बेटावर रस्त्याने जाताच येत नाही. बोट किंवा छोटे विमान, एवढेच. बेट सोडण्याचा आदेश निघाला की थांबून समुद्र पाहण्याचा मोह धरू नये.

आता जागा. समुद्रासमोरचे घर धोक्याचे आणि मागच्या बाजूचे सुरक्षित, असा समज सरसकट खरा नाही. २०१९ मध्ये डोरियन वादळात ओक्राकोकवर पूर आला तो मागून, पाम्लिको साउंड या खाजणाच्या बाजूने: वाऱ्याने खाजणाचे पाणी ढकलून गावात आणले. बेटाच्या मधोमध जुने जंगल टिकलेले असेल, तर तो भाग त्यातल्या त्यात उंच आणि निवाऱ्याचा समजावा. झाडांना तिथे वाढायला पुरेसा काळ मिळाला, हीच त्याची साक्ष. बेटाच्या टोकांजवळ, जिथे समुद्र आणि खाजण जोडणारी वाट असते, तिथला किनारा सर्वांत चंचल आणि ओढ सर्वांत जोरकस. तिथे पोहू नका. गूगल अर्थवर त्याच जागेची जुनी उपग्रहचित्रे एकामागोमाग एक पाहिली, तर किनारा किती हलला ते अर्ध्या तासात कळते.

कधीकधी हा हलण्याचा वेग माणूसच वाढवतो. १९३३ च्या वादळाने मेरिलँडमध्ये ओशन सिटीच्या दक्षिणेला नवी वाट फोडली. बोटींसाठी ती उघडी राहावी म्हणून दगडी बांध घातले. उत्तरेकडून वाहत येणारी वाळू बांधांपाशी अडली, आणि दक्षिणेच्या आसाटीग बेटाचे उत्तर टोक वाळूअभावी मागे हटत गेले. आज नकाशात दोन्ही किनाऱ्यांची रेष जुळत नाही.

पाण्यात उतरताना जीवरक्षक असलेली जागाच निवडा. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी वाळूच्या दांड्यांमधल्या फटीतून परत जाते, तोच रिप करंट. तो माणसाला खाली खेचत नाही, समुद्राकडे नेतो. त्याच्याशी झुंजून दमण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, मग परत या. ते जमेना तर तरंगत राहून मदतीसाठी हात हलवा. भरती-ओहोटीचे वेळापत्रकही जवळ ठेवा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. काही फ्रिजियन बेटांकडे ओहोटीत चिखलातून चालत जाता येते, पण वाटाड्याशिवाय कधीही नाही.

नळाचे पाणी जपून वापरा. अनेक बेटांवर पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर भिंगासारखे तरंगत असते. उपसा जास्त झाला की खालून खारे पाणी वर येते.

वाळूच्या टेकड्यांवरून चालू नका, लाकडी पायवाटेनेच जा. तिथले गवत वाऱ्यावरची वाळू धरून टेकडी उभी करते. तुडवलेली वाट म्हणजे पुढच्या वादळाच्या लाटेला करून दिलेले दार. आणि उन्हाळ्यात संध्याकाळी परतताना मुलांनी खणलेले खड्डे बुजवा, रात्री समुद्राकडचे दिवे मालवा. कासवाची पिल्ले वाळूतून बाहेर आली की उजळ क्षितिजाकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचे असते.