दहापट लहान थार, आणि लहान न होणारं बरंच काही

मानपाड्याला आमच्या सोसायटीच्या मागे डोंगर कापलेला आहे. तिथल्या काळ्या कातळावर एका रविवारी माझी थार उलटली. घाबरू नका, थार दशमांश मापाची. पाच महिने बाल्कनीत खपून बांधलेली, रिमोटवर चालणारी, दगडधोंड्यांवरून मुंगीच्या पावलांनी चढणारी. उलटली ती इतक्या झटक्यात, की मला नीट दिसलंसुद्धा नाही. सरळ होती, मग आडवी होती, एवढंच कळलं.

भाच्याने मात्र ते मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपलं होतं. पडद्यावर तीच गाडी सावकाश कलली, क्षणभर दोन चाकांवर रेंगाळली आणि एखाद्या म्हशीने बसकण मारावी तशी बाजूवर आली. "मामा, ही तर खरीच वाटतेय," तो म्हणाला. पाच महिने मी आरसे, दारांच्या मुठी, नंबरप्लेट यांत खरेपणा शोधत होतो. तो निघाला वेगळ्याच ठिकाणी.

खरी थार सुमारे १.८ मीटर उंच. तेवढ्या उंचीवरून सोडलेला दगड जमिनीवर यायला ०.६ सेकंद घेतो. माझी गाडी १८ सेंटिमीटर उंच, आणि तिच्या टपावरून पडलेला खडा ०.१९ सेकंदात खाली. उंची दहापट घटली, पण वेळ घटला फक्त ३.१६ पट, म्हणजे दहाच्या वर्गमुळाइतका. गाडी लहान करता येते, गुरुत्वाकर्षण नाही. म्हणून छोट्या गाडीचं घड्याळ सव्वातीन पट पळतं आणि डोळा लगेच ओळखतो की हे खेळणं आहे. मोबाइलने सेकंदाला १२० चित्रं घेऊन ३०च्या गतीने दाखवली की वेळ चौपट ताणला जातो. ३.१६च्या बऱ्यापैकी जवळ. सिनेमात छोट्या प्रतिकृतींची पडझड दाखवणारे याच हिशेबाने कॅमेरा वेगाने चालवत. त्याच्याही आधी, १८७०च्या दशकात, विल्यम फ्रूड हा इंग्रज अभियंता टॉर्की गावातल्या हौदात जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहत असे. छोट्या जहाजाच्या लाटा मोठ्यासारख्या दिसायला हव्या असतील तर वेग मापाच्या वर्गमुळानेच कमी करायला हवा, हे त्याने दाखवून दिलं.

आता गाडीचा वेग बघू. खरा ड्रायव्हर खडकावरून ताशी १० किलोमीटरने जात असेल, तर माझी गाडी ताशी ३ किलोमीटरने गेली पाहिजे. म्हणून या छंदात वेगाची मोटर कुणी घेत नाही. माझी पंचावन्न वेढ्यांची आहे. गुंडाळीत वेढे जास्त तितके फेरे कमी आणि तेवढ्याच विजेच्या प्रवाहात पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, जास्त. मोटरचे चाळीस फेरे झाले की चाकाचा एक. मिनिटाला १२,००० फेरे धरले तर चाक ३०० वेळा फिरतं. १० सेंटिमीटर व्यासाच्या टायरला ताशी साडेपाच किलोमीटर मिळतात, म्हणजे ३.१६ने गुणून मोठ्या गाडीचे अठरा. हा कमाल वेग झाला. ट्रिगर अर्धवट दाबला की हवी ती गोगलगाय. ट्रिगर सोडल्यावर स्पीड कंट्रोलर मोटरची दोन्ही टोकं आपसांत जोडतो. मग उतारामुळे फिरू पाहणारी मोटरच जनित्र होऊन स्वतःला अडवते, आणि गाडी चढावर जवळजवळ जागच्या जागी थांबते.

टायर १० सेंटिमीटरचं म्हटलं, ती लबाडी आहे. खऱ्या थारचं अठरा इंची रिमवरचं टायर ७९ सेंटिमीटर भरतं, म्हणजे माझं ८ सेंटिमीटरच्या आत हवं. पण दगड कुठे दहापट लहान आहेत? मुरमातला लिंबाएवढा खडा माझ्या गाडीसाठी कलिंगडाहून मोठा धोंडा. थोडं मोठं टायर घातल्याशिवाय ती पहिल्या वीतभर अंतरातच अडकते.

वजनाकडे येतो, कारण गाडी उलटली ती वजनामुळेच. लांबी दहापट घटली की क्षेत्रफळ शंभरपट घटतं आणि आकारमान हजारपट. खरी गाडी साधारण पावणेदोन टनांची, तेव्हा माझी पावणेदोन किलोची हवी. भरते तीन किलो. खऱ्या गाडीचा पत्रा पाऊण मिलिमीटरचा असला तर माझा त्याच्या दहाव्या हिश्शाने, केसाइतका पातळ हवा. असा पत्रा हाताळणार कोण? मी वागळे इस्टेटमधून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची चॅसिस केली, २४५ मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर), कारण खऱ्या थारचा २४५० आहे. लेथवर पट्ट्यांना भोकं पाडून देणाऱ्या काकांनी "साहेब, एवढ्या छोट्या गाडीत बसणार कोण?" असं अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

जाडी प्रमाणाबाहेर असण्याचा फायदाही आहे, पण खरा फायदा मापातच दडलेला आहे. वजन हजारपट घटतं, ते पेलणाऱ्या दांड्याचा छेद शंभरपटच घटतो. म्हणजे वजनाच्या मानाने छोटी गाडी आपोआप दहापट मजबूत. गॅलिलिओने १६३८ साली हे हाडांचं चित्र काढून समजावलं होतं. प्राणी मोठा करत नेला तर त्याची हाडं नुसती लांब करून भागत नाही, बेढब जाड करावी लागतात. माझी गाडी त्या रविवारी दोन कोलांट्या खाऊन खाली आली आणि तुटला तो फक्त एक आरसा. खरी थार तिच्या मापात तेवढ्याच उंचीवरून गडगडली असती, तर भंगारवाल्याला बोलवावं लागलं असतं.

उलटण्याचं कारण टपावर होतं. हौसेने मी पितळी तार डाख देऊन सामानाचा कॅरियर केला होता, २०० ग्रॅमचा. गाडी नुसती २.८ किलो होती, गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ७५ मिलिमीटरवर. आडव्या उतारावर गाडी कधी कलंडेल हे दोनच आकड्यांवर ठरतं: गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांतल्या अंतराचं अर्धं, जे माझ्याकडे ८० मिलिमीटर आहे. यावरून येणारा कोन ४७ अंशांच्या जरासा आत. १९० मिलिमीटर उंचीवर पितळ चढवल्याबरोबर गुरुत्वमध्य ८३वर सरकला आणि कोन ४४ झाला. तीन अंश म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. कातळाला तसं वाटलं नाही. आणि बरं का, हा कोन मापावर अजिबात अवलंबून नसतो. खरी थारही याच गणिताने कलंडते.

तोच कॅरियर ॲल्युमिनियमच्या तारेने पुन्हा केला. पितळेची घनता ८.५, ॲल्युमिनियमची २.७, त्यामुळे वजन तिसऱ्या हिश्शावर आलं. मग घोडबंदर रोडवरच्या टायरवाल्याकडून चाक बॅलन्स करताना चिकटवतात ती पाच-दहा ग्रॅमची वजनं आणली आणि पुढच्या दोन्ही रिमच्या आतून प्रत्येकी ८० ग्रॅम लावली. कोन परत ४६च्या वर.

वजन पुढच्याच चाकांत का? ४५ अंशांच्या चढावर वजनाची रेषा मागे सरकते. ८३ मिलिमीटर उंच गुरुत्वमध्य बरोब्बर मधोमध असेल, तर पुढच्या चाकांवर जेमतेम १६ टक्के भार उरतो. ती हवेत उठायलाच टेकलेली असतात. सपाटीवर साठ टक्के भार पुढे ठेवला, तर त्याच चढावर पुढे २६ टक्के राहतो आणि चाकं कातळाला धरून राहतात. म्हणून बॅटरीही मी पुढे, बॉनेटखाली नेली. याच चढावर टिकायला रबर आणि दगड यांच्यातला घर्षणांक १ लागतो. मऊ रबर, आत हवेऐवजी फोम आणि खडबडीत कोरडा बेसॉल्ट असला की तो मिळतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने ठाण्याला ही एक सोय करून ठेवली आहे. जुलैत त्यावर शेवाळ चढलं की तीच गाडी वीस अंशांवरही घसरते, मग मोटर कितीही ताकदीची असो.

वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शिअल मी कुलूपबंद ठेवलेत. एक चाक अधांतरी असलं तरी दुसरं फिरत राहतं. पार्किंगमधल्या गुळगुळीत लादीवर वळताना मात्र टायर कुरकुरतात.

सर्वांत जास्त छळलं स्प्रिंगांनी. खरी गाडी खड्ड्यातून गेल्यावर सेकंदाला साधारण सव्वा वेळा वरखाली होते, आणि तो संथ डोल म्हणजेच आपल्या डोळ्याला जाणवणारा जडपणा. मी मऊ, आणखी मऊ, त्याहून मऊ स्प्रिंगा लावत गेलो. मग एका रात्री कागद-पेन घेऊन बसलो आणि हसू आलं. स्प्रिंगवर ठेवलेली वस्तू किती संथ डोलेल हे तिच्या वजनाने स्प्रिंग किती दबते यावरूनच ठरतं. सेकंदाला सव्वा डोल हवे असतील तर स्प्रिंग जवळपास १६ सेंटिमीटर दबायला हवी. माझी अख्खी गाडी १८ सेंटिमीटर! मापात बसणारी दब दीड सेंटिमीटरची, आणि तिचा डोल सेकंदाला चार. तेव्हा डोल संथ करणं अशक्य, तो लपवणं शक्य. शॉक ॲब्सॉर्बरमध्ये दाट सिलिकॉन तेल भरलं. आता गाडी डोलतच नाही, दबते आणि सावकाश वर येते. बघणाऱ्याला जड वाटते, एवढ्याने काम भागतं.

रेडिओ लहरीही लहान होत नाहीत. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये बिनतारी हुकमावर चालणारी बोट दाखवली, तिथून ही कथा सुरू होते. जुन्या रिमोटमध्ये वारंवारिता ठरवणारे २७ मेगाहर्ट्झचे स्फटिक असत, आणि मैदानात दोघांचा स्फटिक एकच निघाला की एकाचा रिमोट दुसऱ्याची गाडी पळवे. आजचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात सतत वारंवारिता बदलत उड्या मारतात. अशा उड्यांच्या एका युक्तीचं पेटंट १९४२ साली अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथिल यांना मिळालं होतं, ते पाणतीरांसाठी. या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणून रिसीव्हरच्या अँटेनाचं उघडं टोक तिच्या पावपट, ३१ मिलिमीटर. गाडी कितीही चिमुकली केली तरी ते टोक कापायचं नाही. मी कापलं होतं, दिसायला वाईट दिसतं म्हणून. दहा पावलांवर गाडी बहिरी झाली.

दोन गोष्टी घाईत सांगून टाकतो. लिथियम पॉलिमर बॅटरी फुगली किंवा तिला भोक पडलं तर ती पेटू शकते, तेव्हा चार्जिंगला लावून झोपू नये. आणि थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लॅस्टिकचे भाग केलेत तर ते उन्हात उभ्या केलेल्या मोठ्या गाडीत विसरू नयेत. हे प्लॅस्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडतं. माझा बंपर मे महिन्यात डॅशबोर्डवर पापडासारखा वाकला. येऊरला गाडी घेऊन जाऊ का, असं भाचा दर आठवड्याला विचारतो. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबट्याच्या वाटेत आपली खेळणी नकोत, हे त्याला पटत नाही. सोसायटीमागचा कातळ पुरे.

सध्या त्याचा दुसरा हट्ट चालू आहे: चालणारा वायपर. छोटा सर्व्हो, म्हणजे सांगू तेवढ्याच कोनात फिरणारी मोटर, आणून ठेवलाय, बॉनेटखाली जागाही आहे. पण परवा पहिल्या सरीत गाडी बाहेर काढली तेव्हा समोरच्या काचेवर तीन-चार मिलिमीटरचे थेंब बसले होते, तिच्या मापात लिंबाएवढाले. पाण्याचा पृष्ठताण मापाला विचारत नाही, त्यामुळे ते ओघळतही नव्हते. मी काडीने वायपरसारखं करून पाहिलं. काडीने पाणी पुसलं गेलं नाही, एक गोळा ढकलत काचेच्या कडेपर्यंत नेला आणि तिथे तो तसाच लटकून राहिला.

"मामा, मग एका फेरीला एक थेंब," भाचा म्हणाला. "पण बसव."