पिरॅमिडमधले मसूर आणि समुद्राला आलेला ताप

स्ट्रेबो नावाचा ग्रीक भूगोलकार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तला गेला होता. पिरॅमिडांपाशी दगडांच्या कपच्यांचे ढीग पडले होते आणि त्यांत मसुरासारखे चपटे, गोल खडे होते. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या जेवणातलं उरलंसुरलं पुढे दगड होऊन बसलं, असं तिथे सांगत. स्ट्रेबोने ही गोष्ट लिहून ठेवली आणि जोडीला हेही लिहिलं, की आपल्या मुलखातल्या एका टेकडीवर असेच मसुरासारखे खडे भरपूर आहेत. आता त्या टेकडीवर तर कुणी पिरॅमिड बांधला नव्हता!

ते मसूर अर्थातच नव्हते. ती न्यूम्युलाइट नावाच्या सागरी जिवांची कवचं. लॅटिनमध्ये न्यूम्युलस म्हणजे छोटं नाणं, त्यावरून हे नाव पडलं. हा जीव एकपेशी. एकच पेशी, पण ती आपल्याभोवती चुन्याचं कवच गुंडाळत जाते, एकामागून एक कप्पे जोडत. काही जातींची कवचं तर आपल्या रुपयाच्या नाण्याहून मोठी भरतात. गिझाच्या पिरॅमिडांचा बराचसा चुनखडक अशा कवचांनी गच्च भरलेला आहे. तो साठला इओसीन नावाच्या, काही कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, जेव्हा आजच्या इजिप्तवर उथळ, उबदार समुद्र होता.

या न्यूम्युलाइटांचे दिवस कसे पालटले, याची गोष्ट मला जास्त रंजक वाटते. कारण त्यांची भरभराट सुरू झाली ती समुद्राला आलेल्या एका मोठ्या तापानंतर.

हा ताप ५.६ कोटी वर्षांपूर्वीचा. डायनोसॉर जाऊन एक कोटी वर्षं झाली होती. पृथ्वी आधीच आजच्यापेक्षा बरीच उष्ण होती, आणि अशात हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन मिसळला. काही हजार वर्षांत पृथ्वीचं सरासरी तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने चढलं आणि उतरायला दीड-दोन लाख वर्षं लागली. पॅलिओसीन हा कालखंड इथे संपतो आणि इओसीन सुरू होतो. ही सीमा प्रमाण म्हणून जिथे निश्चित केली आहे ती जागाही इजिप्तमध्येच आहे, लक्झरजवळच्या दबाबिया इथल्या दगडखाणीत.

पण इतक्या जुन्या पाण्याचं तापमान कळतं कसं? ही युक्ती हॅरॉल्ड युरी या रसायनशास्त्रज्ञाची. जड हायड्रोजनच्या शोधासाठी त्यांना १९३४ साली नोबेल मिळालं होतं. ऑक्सिजनचेही हलके आणि जड असे अणू असतात; हजार अणूंत साधारण दोन जड. पाण्यात चुन्याचं कवच बनताना त्यात जड अणू किती शिरतील हे पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतं. पाणी थंड तर जड अणू किंचित जास्त, पाणी गरम तर किंचित कमी. युरींनी १९४७ साली हे गणित मांडलं. पुढे शिकागोत त्यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या चेझारे एमिलियानींनी ते समुद्रतळाच्या गाळातल्या फोरॅमिनिफेरांना लावलं. फोरॅमिनिफेरा म्हणजे न्यूम्युलाइटचंच मोठं गोत. बहुतेक जाती वाळूच्या कणाएवढ्या, काही पाण्यात तरंगणाऱ्या, काही तळाच्या चिखलात राहणाऱ्या. काटेकोर बोलायचं तर हे प्राणी नव्हेत. पण मेल्यावर कवचं तळाशी पडतात, थरावर थर साचतो आणि खोल समुद्रात अनेक ठिकाणी हजार वर्षांचा हिशेब जेमतेम एका सेंटीमीटरच्या आसपास मावतो. तरंगणाऱ्यांच्या कवचात वरच्या पाण्याची नोंद, तळच्यांच्या कवचात खालच्या पाण्याची. एकाच चमचाभर गाळात समुद्राचे दोन मजले वाचायला मिळतात.

१९८७ साली 'जॉइडिस रिझोल्यूशन' या संशोधन जहाजाने अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात, मॉड राइज नावाच्या पाण्याखालच्या उंचवट्यावर छिद्र घेतलं. (याच जहाजाने २०१५ साली आपल्या अरबी समुद्रात, लक्ष्मी खोऱ्यातही छिद्रं घेतली.) वर आलेल्या गाळाच्या लांबलचक कांडीतली कवचं जेम्स केनेट आणि लोवेल स्टॉट यांनी तपासली. १९९१ साली त्यांनी जाहीर केलं, की पॅलिओसीनच्या अखेरीस इथे जड ऑक्सिजनचा आलेख एकदम कोसळतो. अंटार्क्टिकाजवळच्या समुद्राचं वरचं पाणी १८ ते २० अंशांच्या घरात गेलं होतं. कार्बनचेही असेच हलके आणि जड अणू असतात; ऑक्सिजनबरोबर जड कार्बनचाही आलेख घसरला होता, म्हणजे कुठून तरी हलका कार्बन भसाभस आत आला होता. कुठून, यावर आजही वाद आहे. उत्तर अटलांटिक उघडत असताना झालेले ज्वालामुखींचे उद्रेक, त्यांच्या शिलारसाने भाजलेला सेंद्रिय गाळ, समुद्रतळाशी बर्फात कोंडलेला मिथेन असे बरेच संशयित आहेत. माझं मत विचाराल तर यात एकटा गुन्हेगार शोधण्यात अर्थ नाही. ज्वालामुखींनी सुरुवात केली आणि बाकीचे मागाहून सामील झाले, हे जास्त संभवतं.

त्याच कांडीत एलन थॉमस यांना दुसरी गोष्ट दिसली होती. तळाशी राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या कितीतरी जाती एका ठरावीक पातळीवर संपतात आणि त्यावर पुन्हा कधीच दिसत नाहीत. पुढे जगभरच्या खोल समुद्रांतून हेच चित्र आलं. तळच्या ३० ते ५० टक्के जाती गेल्या. डायनोसॉर ज्या संकटात गेले त्या संकटातून हीच मंडळी जवळजवळ सुखरूप बाहेर आली होती! आभाळातून पडलेल्या अशनीने जे झालं नाही, ते पाणी तापल्याने झालं.

याचं कारण खोल समुद्राच्या स्वभावात आहे. तिथे ऊन नाही, ऋतू नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या एकच तापमान. अशा घरात राहणाऱ्याला चार-पाच अंशांचा फरकही जबर. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि त्याच वेळी जिवांची भूक वाढते, कारण शरीराची सगळी चक्रं जोरात फिरू लागतात. खायला मात्र वरून पडेल तेवढंच. जे तगले त्यांच्यात लहान आकाराच्या, पातळ कवचांच्या जाती जास्त. खोल पाण्यातले ऑस्ट्रॅकॉड, म्हणजे दोन शिंपल्यांत अंग मिटून राहणारे चिमुकले कवचधारी प्राणी, तेही या काळात खुजे झालेले दिसतात.

आणखी एक संकट होतं, आम्लतेचं. अंड्याच्या टरफलावर लिंबू पिळलं की बारीक बुडबुडे येतात, कवचातला चुना विरघळू लागतो. समुद्रात कार्बन डायऑक्साइड मुरला की पाणी तसं थोडं आम्लाकडे झुकतं. खोल समुद्रात एक पातळी अशी असते, की तिच्याखाली चुन्याचं कवच टिकतच नाही. ५.६ कोटी वर्षांपूर्वी ती पातळी दोन किलोमीटरहून अधिक वर सरकली. २००३ साली आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला, वॉल्व्हिस रिज या पाण्याखालच्या डोंगररांगेवर घेतलेल्या छिद्रांतून हे स्पष्ट झालं. जेम्स झाकोस आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ते मांडलं. त्या कांड्यांची छायाचित्रं एकदा पाहिली की विसरत नाहीत. खाली फिकट, चुनकट गाळ, मग एकदम गडद तांबूस चिकणमातीचा पट्टा, आणि त्यावर हळूहळू पुन्हा फिकट होत गेलेला गाळ. खालची कड सुरीने कापल्यासारखी, वरची पुसट. पट्टा खालून सुरू व्हायला दहा हजार वर्षंही लागली नाहीत. वर तो विरायला लाखभर वर्षं गेली. ताप चढला झपाट्याने, उतरला रेंगाळत.

वरच्या पाण्यात मात्र निराळंच चाललं होतं. गरम पाण्यातल्या जाती ध्रुवांकडे निघाल्या. अपेक्टोडिनियम नावाचं सूक्ष्म प्लवक एरवी उष्ण पट्ट्यातलं. ते या काळात थेट उत्तर ध्रुवाजवळ पोचलं. २००४ साली आर्क्टिक समुद्रात घेतलेल्या छिद्रातून त्याच्या कवचासारख्या चिवट कोशांचे ढीग निघाले, आणि तिथलं वरचं पाणी २३ अंशांवर गेल्याचे पुरावेही. म्हणजे जवळपास ध्रुवावर पोहता येईल असं पाणी! विषुववृत्ताकडे मात्र उलट झालं. नायजेरियातल्या गाळानुसार तिथला समुद्र ३६ अंशांच्या आसपास तापला होता आणि एरवी असणारं हे प्लवक तिथून जवळपास नाहीसं झालं. ध्रुवाकडच्यांना पाहुणे आले. विषुववृत्ताकडच्यांची जागा घ्यायला आणखी गरम प्रदेशातून येणार कोण?

आणि प्रवाळ? आजच्या आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यापासून अरबस्तान, भारतापर्यंतच्या पट्ट्यात तेव्हा टेथिस समुद्र होता. पॅलिओसीनमध्ये त्याच्या उथळ भागात प्रवाळांची वस्ती होती. ताप आला आणि ती खचली. पोटात शैवालं बाळगायची, ती उन्हात अन्न बनवतील त्यावर जगायचं, हा प्रवाळांचा संसार. पाणी फार तापलं की शैवालं निघून जातात. गंमत म्हणजे मोठे फोरॅमिनिफेराही असाच संसार करतात. पण त्यांना खडक बांधून एका जागी बसावं लागत नाही, वाळूवर, चिखलावर कुठेही बस्तान बसतं. प्रवाळांनी सोडलेल्या जागेत न्यूम्युलाइट आणि त्यांचे भाऊबंद पसरले, वाढले, मोठे झाले. पिरॅमिडातले मसूर ते हेच. कच्छच्या इओसीन चुनखडकातही ते मुठी-मुठीने सापडतात.

आता एक गोष्ट या सगळ्या चित्रात न बसणारी. अमेरिकेच्या अलाबामा, मिसिसिपी भागात त्या काळच्या उथळ समुद्रातल्या शंख-शिंपल्यांचे उत्तम थर आहेत. तापाच्या आधीचे आणि नंतरचे शिंपले ताडून पाहिले, तर फारसा कायमचा फरक दिसत नाही. आकार, जातींची संख्या, वाढीचा वेग, सगळं थोडंफार इकडेतिकडे. २०१८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा काहींना तो दिलासा वाटला. मला तसं वाटत नाही. किनाऱ्याजवळचे शिंपले दर उन्हाळ्या-हिवाळ्यात तापमानाचे झोके खातच वाढतात, शिवाय जागा बदलायला त्यांच्याकडे हजारो वर्षं होती. तेव्हा कार्बन हवेत मिसळण्याचा वेग २०१६ सालच्या एका हिशेबानुसार वर्षाला सुमारे १.१ अब्ज टनांपेक्षा जास्त नसावा. आज आपण वर्षाला १० अब्ज टनांच्या आसपास कार्बन सोडतो. वेग निदान नऊ-दहा पट. आजच्या शिंपल्यांना अलाबामाचा दाखला पुरेल का, हा प्रश्न म्हणूनच उघडा राहतो.

तो सगळा कार्बन शेवटी गेला कुठे? काही पावसाने झिजणाऱ्या खडकांनी बांधून घेतला. विषुववृत्ताजवळ येऊ लागलेल्या भारतावरचा आपला दख्खनचा काळा पत्थर त्या काळात हवेतला कार्बन शोषत होता आणि त्यामुळे पुढच्या काळात हवामान थंड व्हायला मदत झाली, असंही काही संशोधक मांडतात. आणि काही कार्बन गाळात पुरला गेला.

हा पुरलेला कार्बन आपल्यापासून फार लांब नाही. मुंबईपलीकडच्या समुद्रात तेल आणि वायूची क्षेत्रं आहेत. त्यातल्या एकाला वसईचं जुनं इंग्रजी नाव आहे, बेसिन. तिथला वायू अडकला आहे इओसीनच्या चुनखडकात, ज्यात न्यूम्युलाइटांची कवचं भरलेली आहेत. आणि या भागातल्या तेल-वायूचा मुख्य उगम मानला जातो त्या चुनखडकाच्या खालच्या पन्ना थरात. हा गाळ साठला पॅलिओसीनमध्ये आणि इओसीनच्या सुरुवातीला, म्हणजे नेमका त्या तापाच्या आगेमागे. तिथून वायू समुद्राखालच्या नळाने गुजरातमधल्या हाजिराला येतो, पुढे कारखान्यांत आणि शेगड्यांत जळतो, आणि तेव्हाचा कार्बन पुन्हा हवेत जातो.