एनएसएसचं प्रमाणपत्र: राबूनही हातात का येत नाही?

दर वर्षी निकालाच्या तोंडावर दोन-चार मुलं तरी रडवेली होऊन येतात. दोन वर्षं गावात झाडलोट केली, रोपं लावली, आणि आता प्रमाणपत्राच्या यादीत नाव नाही. त्यांनी काम केलेलं असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे आपल्या एनएसएसमध्ये, नाव घालणं सोपं आहे. महाविद्यालयाचा अर्ज आणि फोटो कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे, म्हणजे एनएसएस सांभाळणाऱ्या प्राध्यापकांकडे, द्यायचा. शाखा कोणतीही चालते. एनसीसीत असाल तर मात्र दोन्ही एकदम करता येत नाही. प्रमाणपत्राला दोन वर्षं लागतात, त्यामुळे पदवीच्या पहिल्या वर्षीच नाव घाला, फार तर दुसऱ्या. शेवटच्या वर्षी आलेल्याला काम करता येईल, पण दोन वर्षं कुठून आणणार? नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिटसाठी एनएसएस निवडलं असेल, तर युनिटच्या, म्हणजे महाविद्यालयातल्या एनएसएस पथकाच्या, यादीतही नाव लागलंय का, हे विचारून घ्या. गृहीत धरू नका.

आता तासांचं. वर्षाला १२०, दोन वर्षांचे मिळून २४०. त्या १२० पैकी २० तास योजनेची ओळख आणि मार्गदर्शनाचे, ३० आवारातल्या कामाचे आणि ७० वस्तीत किंवा दत्तक गावात करायच्या कामाचे. मुलं व्याख्यानं बुडवतात आणि ते २० तास कोरे राहतात. शिबिरात सात दिवस राबलो म्हणजे हे तास भरले, असंही अनेकांना वाटतं. शिबिर वेगळं आणि नियमित तास वेगळे. प्रमाणपत्राला दोन्ही लागतात.

खरी अडचण शिबिराचीच. सात दिवस मुक्कामी राहायचं असतं. १०० स्वयंसेवकांच्या युनिटमागे शिबिराला साधारण ५० जणांचीच सोय असते. 'पुढच्या वर्षी जाईन' म्हणणाऱ्यांची दुसऱ्या वर्षी गर्दी होते आणि कुणीतरी राहून जातं. पहिल्याच वर्षी नाव द्या.

शिबिरासाठी पालकांचं संमतिपत्र मागतात, आणि अनेक मुलींचं गाडं तिथेच अडतं. घरचे सही करत नाहीत आणि मुलगी संकोचाने कुणाला सांगत नाही. बाई, सांगा. कार्यक्रम अधिकाऱ्यांना घरी फोन करायला लावा. राहायची सोय कुठे आहे, सोबत कोणत्या शिक्षिका आहेत, हे कळलं की बरेच पालक तयार होतात. आईच्या नावाने परस्पर सही मात्र कुणी करू नका.

आणि डायरी, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. काम केलं त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा आणि काय केलं ते लिहून त्याच आठवड्यात कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही घ्यायची. वर्षअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली डायरी लगेच ओळखू येते. दोन ओळी जास्त लिहा: शोषखड्डा कुठे खणला, पाणी का जिरत नव्हतं, गावातल्या बायका काय म्हणाल्या. एका मुलाने लिहिलं होतं, 'हातपंपाचा रस्ता आम्ही साफ केला, पण तो पंप वर्षभर बंद आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.' पुढच्या शनिवारी त्या गटाने पंपासाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. हे शिकणं हजेरीपटावर कधीच आलं नसतं.

सवलतीच्या गुणांचं वेगळं बघावं लागतं. अनेक विद्यापीठांत एनएसएसच्या विद्यार्थ्यांना दहापर्यंत गुण मिळतात, पण ते आपोआप चढत नाहीत. महाविद्यालयाकडून यादी जावी लागते. ती कधी जाणार, हे परीक्षेचा फॉर्म भरतानाच विचारा. सूचना फलकावर लावली होती, एवढ्यावर कार्यालयाने हात झटकणं मला पटत नाही. ज्याने दोन वर्षं दिली, त्याला एक फोन करायला काय हरकत आहे? पण तोवर तुम्हीच विचारत राहा.

मध्येच महाविद्यालय बदललं तर जुन्या ठिकाणचे तास प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी लेखी घ्या. दाखला काढायला जाल त्याच दिवशी. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत डायरीची झेरॉक्स घरी ठेवा.