पार्श्वभूमी : चीनचा 'राष्ट्रीय सुरक्षा' हा शब्द एवढा फुगला कसा

आपल्याकडे चीनचा विषय निघाला की १९६२ पासून सुरू होतो आणि गलवानवर येऊन थांबतो, ते सगळ्यांना पाठ आहे म्हणून सोडून देतो. पण बीजिंगमध्ये बसून धोक्यांची यादी केली तर ती वेगळीच दिसते. त्यात आपण बरेच खाली आहोत, आणि सगळ्यात वर जे आहे ते सीमेपलीकडचं नाहीच.

जुनं थोडक्यात. १८३९ ला अफूवरून युद्ध (त्यातली बरीच अफू माळव्यातली, आपल्या मुंबई बंदरातून गेलेली, हे आपण सोयीने विसरतो), मग शंभरेक वर्षं परक्यांनी चीनकडून उकळलेल्या सवलती आणि शेवटी जपानचं आक्रमण. १९४९ च्या कम्युनिस्ट क्रांतीनंतर भीती होती ती सरळ युद्धाची. १९६४ मध्ये अमेरिका व्हिएतनाममध्ये उतरायला लागली तेव्हा कारखानेच्या कारखाने किनाऱ्यावरून उचलून सिच्वान, क्वेइचौच्या डोंगरात नेले. १९६९ ला उसुरी नदीतल्या बेटावरून रशियनांशी गोळीबार झाल्यावर बीजिंगच्या रस्त्यांखाली लोकांनी भुयारं खणली. हे सगळं १९८५ ला संपलं. नेतृत्वाने ठरवलं की मोठं महायुद्ध लगेच काही होत नाही, आणि १० लाख सैनिक कमी करायची घोषणा केली.

मग चारच वर्षांत १९८९ चं तिआनमेन झालं. रणगाडे बाहेर काढावे लागले ते परक्या सैन्यासाठी नाही, स्वतःच्या राजधानीतल्या पोरांसाठी, आणि डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन एकही बाहेरची गोळी न लागता मोडला. माझ्या मते आजचं सगळं इथून निघतं. त्यानंतर जॉर्जिया २००३, युक्रेन २००४, किर्गिझस्तान २००५, दरवेळी बीजिंगने हेच वाचलं की रस्त्यावर गर्दी, मागे परकी संस्था, आणि सत्ता गेली. २०११ च्या बजेटमध्ये तर पोलीस, कोर्ट, तुरुंग वगैरे अंतर्गत सुरक्षेला ६२,४४० कोटी युआन आणि लष्कराला ६०,११० कोटी. आकड्यांनीच सांगून टाकलं.

आता तो शब्द. चिनीत 'ग्वोज्या आनच्वेन' म्हणतात. ग्वोज्या म्हणजे देशही, राष्ट्रही आणि शासनसंस्थाही. आनच्वेन म्हणजे शत्रूपासून संरक्षणही आणि खाणीत अपघात न होणं तेही. आपल्याकडे राज्य म्हटलं की महाराष्ट्र की शिवाजी महाराजांचं राज्य हे संदर्भावरून कळतं तसंच काहीसं, फक्त तिथे हा घोळ कायद्यात उतरलाय. १९८३ ला हेरगिरीचं मंत्रालय काढलं त्याच्या नावात हाच शब्द, तिथे आपण भाषांतर करतो 'राज्य सुरक्षा'. १९९३ ला याच नावाचा कायदा आला, तो मुख्यतः हेर पकडण्याचा होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये तो रद्द करून त्याच्या जागी हेरगिरीविरोधी कायदा आणला, म्हणजे नाव मोकळं झालं, आणि १ जुलै २०१५ ला त्याच मोकळ्या नावाचा पूर्ण वेगळा, अवाढव्य कायदा पास केला. बाजूने १५४, विरोधात शून्य, एक तटस्थ. (तो एक कोण होता देव जाणे.)

त्या कायद्याचं दुसरं कलम वाचण्यासारखं आहे. सुरक्षा म्हणजे काय तर सत्ता, सार्वभौमत्व, एकता, भूभाग, लोकांचं कल्याण, अर्थव्यवस्था आणि 'इतर मोठे हितसंबंध' यांना धोका नसणं, आणि ही स्थिती टिकवायची क्षमता असणं. क्रम बघा, सत्ता पहिली, भूभाग नंतर. वर्षभर आधी, १५ एप्रिल २०१४ ला, सर्वोच्च नेते शी जिनपिंग यांनी 'समग्र' सुरक्षेचा विचार मांडला होता त्यात ११ क्षेत्रं होती, संस्कृतीपासून पर्यावरणापर्यंत, आणि राजकीय सुरक्षा हे मूळ असं स्पष्ट म्हटलं होतं. कायद्यात त्यावर धान्य आलं, अंतराळ आलं, समुद्राचा तळ आणि ध्रुवप्रदेशसुद्धा आले. समर्थक म्हणतात की अमेरिकाही चिप आणि ॲपला सुरक्षेचा प्रश्न म्हणतेच की, आणि ते खोटं नाही. पण तिथे सरकारला निदान कोर्टात खेचता येतं, चीनमध्ये व्याख्या करणारा, तपास करणारा आणि निकाल देणारा शेवटी एकाच पक्षाच्या हाताखाली, हा फरक मला तरी छोटा वाटत नाही.

बाहेरचे धोके नाहीत असं नाही. तैवान आहेच. १९९३ पासून चीन तेल विकतो त्यापेक्षा जास्त विकत घेतो, त्यातलं बरंच मलाक्काच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतं, आणि ती कुणी अडवली तर काय ही चिंता २००३ पासून उघड बोलली जाते. म्यानमारमधून पाइपलाइन टाकण्यामागे हेही एक कारण.

पण गेल्या दहा वर्षांत पसरलंय ते आतलंच. ३० जून २०२० ला हाँगकाँगवर वेगळा सुरक्षा कायदा आला. २०२१ मध्ये एका टॅक्सी ॲपने न्यूयॉर्कला शेअर विकले, काही दिवसांत ते ॲप स्टोअरमधून गायब आणि पुढच्या वर्षी ८०० कोटी युआनहून जास्त दंड, मुद्दा डेटाचा. जुलै २०२३ पासून हेरगिरीच्या व्याख्येत सुरक्षेशी आणि 'हितसंबंधांशी' निगडित कुठलेही कागद, डेटा येऊ शकतात, त्यामुळे बाजाराचा अभ्यास करणाऱ्या परकी कंपन्या धास्तावल्यात.

१५ एप्रिल आता तिथे सुरक्षा शिक्षण दिवस असतो. २०१६ ला पहिल्यांदा पाळला तेव्हा बीजिंगमध्ये एक चित्रकथा लावली होती, लाल केसांचा परदेशी 'संशोधक' सरकारी नोकरीतल्या मुलीला फुलं देतो, जेवायला नेतो, मग तिच्याकडून ऑफिसचे कागद मागतो, आणि शेवटच्या चित्रात ती पोलिसांसमोर बेड्या घालून बसलेली.