आज्ञापालन वर्ग (कुत्र्यांचे)

आज्ञापालन वर्ग : बसणे, थांबणे, हाकेला येणे, तोंडात धरलेले सोडणे आणि पट्टा न ओढता बाजूने चालणे एवढ्या मोजक्या गोष्टी कुत्र्याला त्याच्या मालकाकरवी शिकवण्याचा वर्ग. कुत्रे प्रशिक्षकाकडे सोडून महिन्याने 'तयार' करून आणण्याची पद्धतही आहे. पण प्रशिक्षकाचे ऐकणारे कुत्रे घरच्यांचे ऐकेलच असे नाही.

वर्गाची खरी गरज भासते ती मोठ्या जातीचे पिल्लू साधारण सहा महिन्यांचे झाल्यावर. अंगाने ते जवळजवळ पूर्ण कुत्रे झालेले असते, डोके मात्र पिल्लाचेच. कालपर्यंत हाकेला धावत येणारे आज ऐकू न आल्यासारखे करते आणि पाहुण्यांच्या छातीवर पाय ठेवते. अशा कुत्र्याची रग जिरवायला काहीजण ते मोटरसायकलमागे पळवतात. हे टाळावे. मोठ्या जातींची हाडे वर्ष-दीड वर्षापर्यंत वाढत असतात, आणि सांगलीच्या उन्हाळ्यात डांबरावर पंजे भाजतात ते वेगळेच. सराव उजाडताना किंवा दिवस कलल्यावर, पाच-दहा मिनिटांचा, दिवसातून दोन-तीनदा पुरतो.

सांगली जिल्ह्यात, विशेषतः जतकडच्या माळावर, कारवान कुत्रे परिचयाचे. सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या मुधोळच्या नावानेही ते ओळखले जाते. 2005 साली टपाल खात्याने त्यावर तिकीट काढले. हे कुत्रे वासापेक्षा नजरेने शिकार करणारे. लांब काही पळताना दिसले की हाक कानावरून जाते. हा उर्मटपणा नव्हे, त्याची पैदासच तशी झालेली आहे. म्हणून त्याला 'ये' शिकवताना दहा मीटरची लांब दोरी हाताशी ठेवतात आणि मोकळे सोडायचे ते कुंपणाच्या आत.

शिकवण्याचे सूत्र सोपे आहे : हवे ते केले की लगेच, एक-दोन सेकंदांत, बक्षीस. उशिरा दिलेला तुकडा कशाबद्दल होता हे कुत्र्याला कळत नाही. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे चालतात. तासगावचा बेदाणा मात्र कधीही देऊ नये. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि या भागात ते घरोघरी वाटीत पडलेले असतात.

मराठी घरात वर्गाचे शिकवणे बऱ्याचदा शब्दांवर अडते. मैदानावर 'सिट', घरी आजीचे 'बस की रे', मुलांचे 'खाली बस'. कुत्र्याच्या लेखी हे तीन निरनिराळे आवाज. त्यात 'बस' हा शब्द 'पुरे' म्हणूनही दिवसभर कानी पडतो. 'ये' आणि दटावणीचा 'ए!' यांत तर माणसाचीही गफलत व्हावी. इंग्रजी आज्ञांचा प्रघात हौसेतून आला असेल, पण त्याचा हा फायदा खरा : ते शब्द घरच्या बोलण्यात मिसळत नाहीत. मराठीच वापरायची तर 'इकडे', 'थांब', 'सोड' असे ठसठशीत शब्द ठरवून ते घरातल्या सर्वांनी पाळावेत. आणखी एक, कुत्र्याचे नाव रागावण्यासाठी वापरू नये. ज्या नावाने ओरडा बसतो त्या नावाला ओ देऊन कुत्रे जवळ येत नाही.